मौजे, कसबा, नगर, महानगर : मोठ्या गावाला नक्की म्हणायचे काय?

नाशिकमधल्या एखाद्या फ्लॅटचे खरेदीखत उघडून मिळकतीचे वर्णन वाचा. साधारण अशी ओळ सापडते : ‘तुकडी जिल्हा नाशिक, पोट तुकडी तालुका नाशिक, नाशिक महानगरपालिका हद्दीतील मौजे पाथर्डी…’ म्हणजे एकच जागा महानगरातही आहे आणि मौज्यातही. पहिल्यांदा घर घेणारा इथे अडखळतो, ‘मौजे म्हणजे खेडं ना? मग फ्लॅट शहरात आहे की नाही?’ असे वकिलाला विचारतो. दोन्ही शब्द बरोबर आहेत. ‘मौजे’ हा महसूल खात्याचा शब्द आहे. जमिनीची मोजणी आणि सातबारा ज्या गावाच्या नावाने झाला, ते गाव म्हणजे मौजे, मग त्यावर आज दहा मजली इमारती का असेनात. ‘महानगरपालिका’ सांगते की घरपट्टी कुणाकडे भरायची आणि पाणी कोण देणार.

वस्तीला दिलेला शब्द वस्तीचा आकार दाखवतो असे आपण धरून चालतो. फार मोठ्या काळात तसे नव्हते. पुर, नगर, पत्तन, निगम, कसबा, शहर हे शब्द ती वस्ती काय काम करते ते सांगत : तिथे तट आहे का, माल उतरतो का, राजसत्ता बसते का, आजूबाजूची गावे तिथे येतात का. डोकी मोजून शब्द लावण्याची पद्धत अलीकडची. नाशिक समजावायला फार सोयीचे आहे, कारण यातले जवळजवळ सगळे शब्द कधी ना कधी या गावाला किंवा त्याच्या शेजाराला लागले आहेत.

तट, गाठोडे आणि ठिकाण

सर्वात जुन्यांपैकी एक म्हणजे पुर्. वेदात याचा अर्थ शहर नव्हे, तर तटबंदी, गढी. इंद्राला पुरंदर म्हणतात तो शत्रूंची पुरे फोडतो म्हणून. तटाच्या आत माणसे राहू लागली, तटापेक्षा वस्ती महत्त्वाची झाली आणि पुर म्हणजे शहर झाले. ग्रीक ‘पोलिस’ (नगर) हा शब्द याच कुळातला असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. अथेन्सच्या अक्रोपोलिसमध्ये गढीचा तो मूळ अर्थ अजून दिसतो. मराठी लेखनात एक चूक नेहमी होते म्हणून सांगून ठेवतो : नाव सुटे लिहिताना सातपूर, कोल्हापूर असा दीर्घ ऊकार, पण सामान्यरूपात सातपुरात, कोल्हापुरात असा ऱ्हस्व. आणि गोदावरीला येणारा, दुतोंड्या मारुतीच्या उंचीवर मोजला जाणारा ‘पूर’ वेगळा. तो ‘भरणे’ या अर्थाच्या धातूतून आला आहे.

अमरकोश या संस्कृत शब्दकोशाच्या पुरवर्गाचा पहिला श्लोक शहराला सात शब्द देतो : पुर्, पुरी, नगरी, पत्तन, पुटभेदन, स्थानीय, निगम. कोशात ते समानार्थी म्हणून शेजारी बसले आहेत, पण प्रत्येकाची पोटातली कल्पना निराळी आहे.

पुटभेदन हा त्यातला सगळ्यात बोलका. पुट म्हणजे बांधलेली मोट, पुडके. भेदन म्हणजे फोडणे. जिथे लांबून आलेल्या मालाची बांधणी सोडून तो विकायला मांडतात ते पुटभेदन. पाली महापरिनिब्बान सुत्तात पाटलिगाम नावाच्या खेड्याबद्दल बुद्ध म्हणतात, हे पुढे ‘अग्गनगर’ म्हणजे अग्रगण्य नगर होईल, पाटलिपुत्र होईल, ‘पुटभेदन’ होईल. लोकसंख्येचा उल्लेखही नाही. शहर म्हणजे माल फुटण्याची जागा, हे वर्णन पंचवटीच्या मार्केट यार्डात पहाटे भाजीच्या जाळ्या उतरताना पाहिलेल्या माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

स्थानीय हा राज्यकारभाराचा शब्द. कौटिलीय अर्थशास्त्रात त्याचे गणितच दिले आहे : दहा गावांमध्ये एक संग्रहण, दोनशे गावांमध्ये खार्वटिक, चारशे गावांमध्ये द्रोणमुख आणि आठशे गावांच्या मध्यभागी स्थानीय. इथे आकडा आहे, पण तो शहरातल्या माणसांचा नाही, शहरावर अवलंबून असलेल्या गावांचा आहे. आपण आजही ‘तालुक्याचे ठिकाण’, ‘जिल्ह्याचे ठिकाण’ म्हणतो तेव्हा नेमकी हीच कल्पना बोलतो. सुरगाण्याचा माणूस नाशिकला येतो तो नाशिक मोठे आहे म्हणून कमी आणि ठिकाण आहे म्हणून जास्त. ठाणे हे नावही याच ‘स्थान’ शब्दाच्या कुळातले.

पत्तन किंवा पट्टण म्हणजे मुख्यतः बंदराला लागलेले व्यापारी शहर : विशाखापट्टणम, मच्छलीपट्टणम, नागपट्टिनम. पाटणा आणि पाटण याच ओळीत बसतात. पैठण मात्र इथे घुसडू नका. ते प्रतिष्ठान, प्राकृतात पइट्ठाण, त्यावरून पैठण. दोन्ही नावे आज सारखी ऐकू येतात, म्हणून ही चूक छापील पुस्तकांतही सापडते.

नाशिकला ‘नगर’ म्हणणारा पुरावा

नगर शब्दाची व्युत्पत्ती वादाची आहे, त्यात शिरत नाही. पण नाशिकच्या संदर्भात या शब्दाचा एक उल्लेख प्रत्येक नाशिककराला माहीत असावा असे आम्हाला मनापासून वाटते.

पतंजलीचे महाभाष्य, म्हणजे पाणिनीच्या व्याकरणावरचे भाष्य, साधारण इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले मानतात. तिथे पाणिनीच्या एका सूत्रावर चर्चा चालू आहे : ‘नासिका’ शब्दाला ‘य’ प्रत्यय लागला की नासिकाच्या जागी ‘नस्’ येतो. म्हणून नाकाशी संबंधित ते ‘नस्य’. आयुर्वेदातले नस्य हेच. पुढे अपवाद येतो : वर्ण आणि नगर यांच्या बाबतीत असे होत नाही. नाकातून उच्चारला जाणारा वर्ण तो ‘नासिक्य’ वर्ण, आणि ‘नासिक्यं नगरम्’. म्हणजे नियमाने या गावाचे नाव ‘नस्य’ व्हायला हवे होते, पण लोक नासिक्य म्हणत होते, आणि व्याकरणाला लोकांच्या बोलण्यासाठी अपवाद करावा लागला. एवढ्या जुन्या काळी हे गाव इतके ठाऊक होते की उदाहरण म्हणून नाव घेतले तरी पुरे, आणि त्याला लावलेला शब्द ग्राम नाही, नगर आहे.

नगर शब्दाला संस्कृतात रुबाब होता. नगरात राहणारा तो नागर, म्हणजे रीतभात जाणणारा. ग्रामातला तो ग्राम्य, म्हणजे ओबडधोबड. हा भेद गावाकडच्या माणसावर अन्याय करणारा आहे आणि तो शहरात बसून लिहिणाऱ्यांनी केला आहे, हे ध्यानात ठेवून जुने साहित्य वाचावे. ‘नागरिक’ शब्द मात्र आता त्या भिंतीबाहेर आला आहे. पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची बाईही भारताची नागरिक आहे, तिला नगरात राहावे लागत नाही.

प्राकृतात नगर शब्दाचा ‘ग’ झिजला : नगर, नयर, आणि पुढे नेर. संगमनेर, पारनेर, अमळनेर, आपल्याकडचे वडनेर या नावांच्या शेवटी तोच नगर आहे असे मानतात. जुन्नर म्हणजे जीर्णनगर, जुने नगर. ‘ग्राम’चा ‘गाव’ झाला तोही अशाच झिजण्यातून.

लेण्यातली निगमसभा

नाशिकजवळच्या पांडवलेण्यांच्या दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यातल्या एकावर ४२ व्या वर्षाची तारीख आहे. उषवदाताने भिक्षुसंघासाठी ३००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायमची ठेव ठेवली. ती ठेवली कुठे, तर नाशिकशेजारच्या गोवर्धन गावच्या कोष्ट्यांच्या श्रेणींमध्ये, म्हणजे कारागीर संघांमध्ये. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, व्याज महिना शेकडा १. दुसरीकडे १०००, व्याज महिना शेकडा पाऊण. हिशेब करून पाहा : पहिल्या ठेवीचे वर्षाला २४० होतात. लेखात म्हटले आहे की लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, द्यावेत. वीस गुणिले बारा, २४०. एका पैचाही फरक नाही. दुसऱ्या ठेवीचे वर्षाला ९० येतात, ते भिक्षूंच्या इतर खर्चासाठी.

शेवटचे वाक्य आपल्या विषयाचे आहे : हे सगळे ‘निगमसभेत’ ऐकवले आणि रीतीप्रमाणे फलकावर नोंदवले. म्हणजे गोवर्धनला व्यापारी-कारागिरांची सभा होती, ती ठेवींना साक्षी राहत होती आणि नोंद ठेवत होती. निगम म्हणजे नुसती वस्ती नव्हे. स्वतःचा कारभार करणारी, व्यवहाराची हमी घेणारी नगरसंस्था. हिंदीत आज महानगरपालिकेला ‘नगर निगम’ म्हणतात. मराठीने तो शब्द घेतला नाही, पण त्याचा इतका स्पष्ट आणि इतका जुना दाखला आपल्या डोंगरात कोरलेला आहे.

त्याच लेण्यातला ‘क्षत्रप’ शब्द दुसरीकडे घेऊन जातो. तो इराणी आहे : जुन्या पर्शियनमध्ये ‘क्षत्र’ म्हणजे राज्य, सत्ता, आणि ते राखणारा तो क्षत्रप. संस्कृत क्षत्र आणि हा शब्द सख्खे भाऊ. इराणात याच शब्दाचे रूप बदलत ‘शहर’ झाले. आधी त्याचा अर्थ देश, राज्य असा होता (ईरानशहर म्हणजे इराणचा देश), नंतर तो आकसून नगरापुरता उरला. नहपानाची पदवी आणि आपण रोज बोलतो तो ‘शहर’ हे एका मुळाचे आहेत, फक्त दुसरा फारसीतून, बऱ्याच शतकांनी आला.

कसबे आणि मौजे

फारसी-अरबी शब्दांनी मराठीला वस्तीची एक नीट श्रेणी दिली, आणि ती समजली तर जुना कागद वाचणे सोपे होते. नुसते शेतकऱ्यांचे गाव ते मौजे. परगण्याचे मुख्य गाव, जिथे बाजार भरतो आणि अंमलदार बसतो, ते कसबा. कसब्याला किंवा शहराला लागून व्यापाऱ्यांना जागा देऊन वसवलेली बाजारवस्ती ती पेठ. एकाच नावाची दोन गावे असली तर मोठे बुद्रुक (फारसी बुजुर्ग), धाकटे खुर्द.

निफाड तालुक्यात कसबे सुकेणे आणि मौजे सुकेणे अशी दोन गावे शेजारी आहेत. एका नावाआधी कसबे, दुसऱ्याआधी मौजे. नाव पाहूनच कळते की बाजाराचा मान कुणाकडे होता. दिंडोरी तालुक्यातल्या वणीलाही कसबे वणी म्हणतात. जुन्या कागदात गावाच्या नावाआधीचा शब्द शिक्क्याइतका महत्त्वाचा असतो. लिप्यंतर करताना ‘मौजे’, ‘कसबे’ ही अक्षरे नावाला चिकटवून टाकली किंवा गाळून टाकली, तर गावाचा त्या काळचा दर्जाच हरवतो. मोडीत हे शब्द अनेकदा एकाअक्षरी संक्षेपात येतात, ‘मौ॥’, ‘क॥’ असे. नवशिका ते गावाच्या नावाचे पहिले अक्षर समजतो आणि मग ते गाव नकाशावर सापडत नाही.

‘आबाद’ म्हणजे वसलेले, भरभराटीचे. मोगल काळात नाशिकचे नाव गुलशनाबाद होते, बागेसारखी वस्ती. पेशवाईत जुने नाव परत रूढ झाले. पण तीर्थाच्या गावाला आपल्याकडे शहर-कसब्यापेक्षा मोठा मान ‘क्षेत्र’ शब्दाने मिळतो. आजची वर्तमानपत्रे सिंहस्थाच्या बातम्यांत ‘कुंभनगरी’ लिहितात. ‘नगर’पेक्षा ‘नगरी’त गौरव अधिक आणि मोजमाप कमी.

महानगर, तेव्हाचे आणि आताचे

महानगर हा शब्द मेट्रोपोलिसच्या भाषांतरासाठी तयार झाला, असा समज आहे. तो चुकीचा आहे. वर सांगितलेल्या महापरिनिब्बान सुत्तातच तो येतो. कुशिनारा येथे आनंद बुद्धांना विनवतो की या क्षुद्र नगरात, या ‘शाखानगरात’ देह ठेवू नका. दुसरी महानगरे आहेत : चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कौशांबी, वाराणसी. ही महानगरे कशाने, तर तिथे सधन क्षत्रिय, ब्राह्मण, गृहपती आहेत, ते योग्य सन्मान करतील, म्हणून.

मेट्रोपोलिसचा मूळ अर्थ तर ‘मोठे शहर’ असा नाहीच. मेटेर म्हणजे आई. ज्या शहरातून माणसे निघून दुसरीकडे वसाहत करतात, ते त्या वसाहतीचे मातृनगर. सिसिलीतल्या सिराक्यूजचे मेट्रोपोलिस कोरिंथ. या अर्थाला जुळणारा शब्द आपल्याकडे आहे, तो महानगर नव्हे, ‘मूलनगर’. अमरकोश म्हणतो, मूलनगराहून वेगळे जे पुर, ते शाखानगर. झाडाचे खोड आणि फांदी. शहर आणि त्याची उपनगरे यांचे नाते यापेक्षा नेमके सांगता येईल असे वाटत नाही, आणि हे दोन शब्द मराठीत पुन्हा वापरात यावेत.

विसाव्या शतकात शहरे एकमेकांत मिसळू लागली तशी नवी नावे लागली. पॅट्रिक गेडिस यांनी १९१५ मध्ये अशा मिसळलेल्या वस्तीसाठी ‘कॉनर्बेशन’ हा शब्द आणला. हेच गेडिस १९१९ पासून काही वर्षे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र शिकवत होते. जाँ गॉटमन यांनी १९६१ मध्ये बॉस्टन ते वॉशिंग्टन या सलग पट्ट्याला ‘मेगालोपोलिस’ म्हटले. ते नाव मूळचे ग्रीसमधल्या एका खऱ्या शहराचे, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात आर्केडियातली बरीच गावे एकत्र करून वसवलेल्या. एक कोटीवर वस्ती गेली की संयुक्त राष्ट्रे मेगासिटी म्हणतात.

आपल्या कायद्यात ‘महानगर’ हा आकडा आहे, पण कोणत्या कायद्यात ते पाहावे लागते. ७४ व्या घटनादुरुस्तीने, जी १ जून १९९३ पासून लागू झाली, दहा लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या आणि दोन किंवा अधिक नगरपालिका, पंचायती वा लगतचे भाग मिळून बनलेल्या प्रदेशाला महानगर क्षेत्र म्हटले. महाराष्ट्रात महानगरपालिका स्थापायला मात्र तीन लाख लोकसंख्येची अट. म्हणजे गावाला महानगरपालिका असली तरी ते घटनेच्या अर्थाने महानगर असेलच असे नाही. आपल्याच जिल्ह्यातले मालेगाव घ्या : नावात गाव, कारभार महानगरपालिकेचा, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या पावणेपाच लाखांच्या आसपास. त्याखाली नगरपरिषदांचे वर्ग : एक लाखावर ‘अ’, चाळीस हजार ते एक लाख ‘ब’, पंचवीस ते चाळीस हजार ‘क’. गावातून शहरात बदलत असलेल्या वस्तीला नगरपंचायत.

जनगणना तिसरेच माप लावते. कायद्याने नगर नसलेले गावही तिच्या लेखी नगर ठरते, जर लोकसंख्या किमान ५०००, काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामात, आणि घनता दर चौरस किलोमीटरला किमान ४००, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तर. तिथे कारभार ग्रामपंचायतीचाच असतो, म्हणून गावकऱ्यांना आपण ‘नगरात’ मोजले गेलो हे कळतही नाही.

यामुळेच ‘नाशिकची लोकसंख्या किती?’ याची तीन उत्तरे मिळतात. २०११ ची महापालिका हद्दीची संख्या १४,८६,०५३. देवळाली छावणी, भगूर असा लगतचा भाग धरून होणाऱ्या नागरी समूहाची साडेपंधरा लाखांवर. जिल्ह्याची ६१ लाखांवर. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांत यांची सरमिसळ होते. आकड्यापुढे ‘मनपा’, ‘नागरी समूह’ की ‘जिल्हा’ हे लिहिलेले नसेल तर तो आकडा वापरू नका.

नाशिकची नगरपालिका १८६४ ची. १९८२ मध्ये नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका आणि भोवतालची गावे एकत्र करून महानगरपालिका झाली. देवळाली कॅम्प लष्करी छावणी म्हणून बाहेर राहिले. जुने शास्त्रकारही वस्त्यांच्या यादीत स्कंधावार, म्हणजे सैन्याचा तळ, वेगळा धरत. भगूरही बाहेर, त्याची स्वतःची नगरपरिषद आहे. ‘महापौर’ हा शब्द ज्या सावरकरांच्या नावावर सांगितला जातो, त्यांचे हे जन्मगाव. पुरात राहणारा तो पौर, त्यांच्यातला प्रमुख महापौर. शब्दात पुन्हा तोच वैदिक पुर्.

वर चढले ते शब्द थोडे, खाली उतरले ते जास्त. खेट हा जुन्या ग्रंथांत मातीच्या तटाचा छोटा गाव-कसबा, त्याचे मराठीत खेडे झाले. नगर हा पतंजलीच्या वेळी अख्ख्या नाशिकचा शब्द. आज इंदिरानगर, अशोकनगर, उत्तमनगर अशा वसाहतींचा. अख्ख्या शहराचा मान राखून होते ते अहमदनगर, ज्याला आपण नुसते ‘नगर’ म्हणत आलो. २०२४ मध्ये ते अहिल्यानगर झाले, तरी एसटीच्या रांगेत ‘नगर गाडी लागली का?’ असेच विचारतात. गाव शब्द मात्र हटला नाही. सिडको किंवा गंगापूर रोडचा माणूस मेनरोडला, रविवार कारंजावर खरेदीला निघाला की म्हणतो, ‘गावात जाऊन येतो.’ खोडाला अजून गावच म्हणतात. आणि नाशिक-पुणे रस्त्यावर, नाशिकरोडच्या अलीकडे, फांदीचा शब्द विशेषनाम होऊन बसला आहे : तिथल्या वस्तीचे नावच उपनगर. कुणी पत्ता सांगताना ‘उपनगरात राहतो’ म्हणाला, तर कुठल्या उपनगरात असे विचारू नका, बस उपनगर नाक्यावर थांबते.